नखाची खूण

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

अक्षर ओळखलंस ना? सहा वर्षांनी लिहितेय. आई गेली तेव्हा तू आलास, दिवसभर दारापाशी उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. जाताना म्हणालास, फोन करू नकोस. मी नाही केला. पत्राबद्दल तू काही बोलला नव्हतास, तेवढी पळवाट मी घेतेय.

काम क्षुल्लक आहे, हसू नकोस. गळाला आमिषाचा रबरी मासा कसा लावतात ते मला सांग.

बाबांसाठी हवंय. त्यांचं डोकं आता धड चालत नाही. चाळीस वर्षं टगबोटीची इंजिनं खोलून जोडलेला माणूस, पण परवा शर्टाची बटणं लावता लावता मध्येच थांबले आणि पुढे काय करायचं म्हणून माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणतात, येत्या थंडीपर्यंत कुणाला ओळखतील याची खात्री नाही. एक गोष्ट मात्र पक्की. चार वाजले की टोपी घालून दारात उभे. धक्क्यावर जायचं, ब्रीम मासा धरायचा. मी रॉड माळ्यावरून काढला, रिळाला तेल दिलं. पण गळाला रबर लावणं त्यांना जमत नाही. बोटं थरथरतात, गळ रबराच्या कुशीतून बाहेर येतो, मग ते रबर फेकून पुढचं घेतात. एका आठवड्यात अख्खं पाकीट संपलं. म्हणून आता त्यांच्या नकळत मी लावून ठेवते. माझं लावलेलं पाण्यात पंख्यासारखं गरगर फिरतं आणि दोराला पीळ पडतो. बाबा दोराकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, ताई, सोपं आहे, सरळ घालायचं. सरळ म्हणजे कसं, ते त्यालाही सांगता येईना.

मी अजून हॉटेलच्या लाँड्रीतच आहे, इस्त्रीच्या टेबलावर. तीनला सुटते. तोवर वरच्या मजल्यावरच्या काकू बाबांपाशी बसतात. गुरुवारी माझी पाळी दुहेरी असते, त्या दिवशी धक्क्यावरही त्याच नेतात. चार वर्षांपूर्वी राहायला आल्या आहेत, त्यामुळे आपल्या घरातलं जुनं काही त्यांना ठाऊक नाही. बरंच आहे ते.

बाबा तुझी फार आठवण काढतात. जमलं तर येऊन जा. नाहीच जमलं तर निदान रबराचं लिही.

तुझी,
बारकी

११ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र मिळालं. आठवण काढतात ते वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

रबराचं लिहितो. तू मापच घेत नाहीस, तिथे चुकतंय. शिशाचं डोकं असलेला गळ घे. डोकं दोन ग्रॅमचं, पाण्याला ओढ असेल तर तीन, त्याच्या वर जाऊ नकोस. रबर सावकाश तळाकडे गेलं पाहिजे, दगडासारखं पडता कामा नये. लांबी तुझ्या करंगळीएवढी. आधी गळ रबराच्या अंगावर आडवा धर, शिसं रबराच्या नाकाशी. गळाचा वाक जिथे येतो तिथे पाठीवर नखाने खूण कर. मग टोक नाकाच्या बरोबर मधोमध घाल. आता गळ ढकलायचा नाही, रबर गळावर चढवायचं, पायात मोजा चढवतो तसं. खुणेपाशी टोक बाहेर काढ. शिशाला टेकल्यावर रबर ताणलेलंही नको आणि चुरमडलेलंही नको. डोळ्यासमोर धरून नाकाकडून शेपटीकडे बघ. रेघ सरळ असेल तर पाण्यात टाक, नाहीतर काढून दुसरं घे. त्याच भोकातून पुन्हा घातलेलं कधी सरळ बसत नाही.

रंगाचं. पाणी स्वच्छ असेल तर धुरकट, आरपार दिसणारं. गढूळ असेल तर काळं किंवा जांभळं, म्हणजे निदान त्याची सावली तरी दिसते. दुकानदार तुला गुलाबी देईल. गुलाबी रबर गिऱ्हाइकं धरायला असतं.

पुलाच्या खांबांपाशी नाहीतर बांधून ठेवलेल्या बोटींच्या सावलीत टाकायचं. ब्रीम संशयी असतो. भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसासारखा सगळं दाबून बघतो आणि निघून जातो. शेपटीला टोच मारेल, तेव्हा हिसका देऊ नकोस. रबर जरासं हलत राहू दे आणि दोर आपणहून ताठ होईपर्यंत थांब. इथेच बहुतेक जण घाई करतात.

आणि तू इस्त्रीचं काम करतेस, म्हणजे हाताला क्रीम लावत असशील. तो वास त्याला कळतो. आधी ओल्या वाळूने हात घास.

मी दातांच्या कवळ्या बनवतो, हे तुला ठाऊक असेलच. दिवसभर साचे, मेण आणि प्लास्टर. एकतीस वर्षांत रबरी मासा हातात धरलेला नाही. तरी हे लिहिताना बोटं आपोआप हलत होती, त्याचं मलाच नवल वाटलं. बाबांनी मला पहिल्या दिवशी साठ रबरं लावायला लावली होती आणि एकही पाण्यात टाकू दिलं नव्हतं.

येणं जमणार नाही.

दादा

२२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

दोन पानी पत्र! मी आपली चार ओळींच्या तयारीत होते. तुझं पत्र स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फरशीला चिकटवलंय आणि समोर उभं राहून, शाळेत प्रयोग करायचो तसं, एकेक ओळ वाचत रबर चढवते. वाळूने हात घासून घासून सालं निघाली. काकू म्हणाल्या, मासे धरता की भांडी घासता?

पण फिरायचं थांबलं, दादा. परवा रबर पाण्यात सरळ गेलं, अगदी खऱ्या माशासारखं, आणि बाबांनी दोरावर बोट ठेवलं. टोच आली. मला दिसली नाही, त्यांच्या बोटाला कळली. मी म्हटलं, ओढा. त्यांनी मान हलवली आणि थांबले. मासा गेलाच शेवटी, पण ते कसे थांबले ते तू बघायला हवं होतंस. बटणं विसरलेला माणूस हे विसरलेला नाही.

साबणाच्या डबीत तीन लावलेली रबरं पाठवतेय, टोकांना मेणबत्तीचं मेण लावलंय, हात सांभाळ. तपासून शेरा मार.

अजून एक विचारायचं होतं. बाबांची ती राखाडी पत्र्याची पेटी सापडली, खणाखणांची. आतून स्वच्छ आहे, कुणीतरी कधीतरी घासून ठेवलीय. दुकानदाराने साध्या रबरांबरोबर एक नवीन प्रकार दिलाय, कितीही ताणलं तरी तुटत नाही म्हणे. सगळी पाकिटं फोडून त्या पेटीत भरून ठेवू का? एकत्र राहतील.

बाबा बरे आहेत. तुझी वाट बघतात.

बारकी

२ मार्च

प्रिय बारके,

पहिलं रबर चुरमडलंय. दुसरं चांगलं आहे, मी स्वतः पाण्यात टाकलं असतं. तिसरं तुझं नाही. त्याच्यावर नखाची खूण अगदी बरोबर जागी आहे आणि गळ मात्र कुशीतून बाहेर आलाय. ते बाबांनी लावलंय. मला न सांगता घातलंस, म्हणून इथेच सांगतो, ते मी काढून टाकलेलं नाही. कामाच्या टेबलावर ठेवलंय.

पेटीत काहीही भरू नकोस. तू विसरलीस याचं आश्चर्य वाटतं, पण तेव्हा लहान होतीस. ते न तुटणारं रबर साध्या रबराला टेकून राहिलं की आठवड्याभरात दोन्ही विरघळतात.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी सगळी थंडी रबरं ओतण्यात घालवली होती. कानतुटक्या पातेल्यात प्लास्टिक वितळवायचं, प्लास्टरच्या साच्यात ओतायचं, आणि आईची बोलणी खायची. एकशे चाळीस केली होती, खाडीवरच्या स्पर्धेसाठी. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे सगळे सोबती आपल्या घरी जमले होते. बाबांनी मोठ्या ऐटीत पेटी उघडली, तर आत चिकट लगदा. प्रत्येक खणात लगदा, आणि त्यातून डोकावणारी हिरवी शेपूट. ती हिरवी रबरं माझी होती, अशाच वेगळ्या प्लास्टिकची, मी शहरातून आणलेली. बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. "याच्या हातात दिलेली एकही वस्तू टिकत नाही," एवढंच म्हणाले. तेही मला नाही, सोबत्यांना. त्या वर्षी ते स्पर्धेला गेले नाहीत, पुढेही कधी गेले नाहीत. महिन्याभरात मी घर सोडलं. माझं लग्न मोडलं त्या दिवशी बायको काय बोलली ते मला आठवत नाही, बाबांचं वाक्य तेवढं ऐकू येत होतं.

तुला आता सांगायला हरकत नाही. ती रबरं पेटीत मी ठेवली नव्हती. कुणी ठेवली ते मला तिथल्या तिथे कळलं होतं, खाली घातलेल्या मानेवरूनच कळलं. मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिकडे शेकलं असतं, म्हणून गप्प बसलो. वाटलं होतं, पुढेमागे आपणहून कबुली येईल. आली नाही. नाव आताही घेत नाही. कुणाबद्दल म्हणतोय ते तुला ठाऊक असेलच.

नवीन पाकीट वेगळं ठेव. काचेच्या बरणीत.

दादा

८ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं आणि इस्त्री उशीच्या अभ्र्यावर तशीच राहिली. अभ्रा जळला. मुकादमबाई बोलत होत्या, मला काहीच ऐकू येत नव्हतं.

तुला ठाऊक होतं. एकतीस वर्षं तुला ठाऊक होतं की ते मी केलं, आणि तू माझ्यासाठी गप्प बसलास.

पेटीचं मी मुद्दाम विचारलं होतं. मी विसरेन का? विषय तू काढावास म्हणून विचारलं, स्वतः काढायची हिंमत नव्हती. आता सगळं लिहिते. तू ती हिरवी रबरं आणलीस तेव्हा बाबांना अपमान वाटला, आठवतं? घरी ओतलेली असताना विकतची कशाला. पंधरा दिवस तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता. जेवताना मीठसुद्धा माझ्याकडून मागायचात. तुझं पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर होतं. मला वाटलं, दोघांची रबरं एका पेटीत राहिली की बाबा पेटी उघडतील, हसतील आणि तुला हाक मारतील. म्हणून एकेका खणात तुझं एकेक ठेवलं, बाबांच्या रबरांना अगदी चिकटवून. एकही खण सोडला नाही. अकरा वर्षांची होते, दादा, मला रबराचं काय कळत होतं?

त्या संध्याकाळी मी आईच्या मागे मान खाली घालून उभी होते. तू ते बघितलंस, आणि मला वाचवलंस. मग तू गेलास, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. आईलाही कधी सांगितलं नाही. आज छातीवरचा दगड उतरलाय आणि तो उतरवायला तूच हात लावलास, हे मी जन्मभर विसरणार नाही.

अजून एक खोटं आहे, तेही आजच सांगते. बाबा तुझी आठवण काढत नाहीत. तुझं नाव त्यांनी कित्येक वर्षांत घेतलेलं नाही. तू यावंस म्हणून मी आपलं लिहीत होते.

रविवारी त्यांनी ब्रीम धरला. माझ्या तळहाताएवढाच, पण रुपेरी, जाड ओठांचा, तोंड असं की आपल्यावरच रागावलाय. बाबांनी गळ सोडवला, त्याला पाण्यात धरून ठेवलं आणि जाऊ दिलं. बराच वेळ रिकाम्या पाण्याकडे बघत होते. ये ना, दादा. अजून मला ओळखतात, तुलाही ओळखतील. उशीर करू नकोस.

बारकी

१० एप्रिल

प्रिय दादा,

महिना झाला, उत्तर नाही. आजारी नाहीस ना?

बाबा मला आता "बाई" म्हणतात. चहा दिला की आभार मानतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. आता सवय झालीय. चार वाजता मात्र टोपी घालतात.

दोन ओळी लिही.

बारकी

१९ एप्रिल

बारके,

आजारी नाही. सहा वेळा लिहायला बसलो.

मला वाटत होतं, ते आईने केलं.

तुझ्याकडे मी बघितलंही नव्हतं. त्या आठवड्यात एका दुपारी मी आईला टेबल आवरताना बघितलं होतं. माझं पाकीट तिच्या हातात होतं. नंतर पेटी उघडली, बाबांचा आवाज चढला, आणि आईने मान खाली घातली. मी दोन आणि दोन चार केले. आता कळतं की तिने पाकीट फक्त कट्ट्यावर नेऊन ठेवलं असेल, आणि बाबांचा आवाज चढला की ती नेहमीच मान खाली घालायची. एवढं एकोणीस वर्षांच्या मुलाला कळायला हवं होतं. पन्नाशीच्या माणसाला तर हवंच होतं.

मी तिला वाचवलं असं मला वाटत होतं, आणि त्याची मी तिच्याकडून किंमत वसूल केली. मनात म्हणायचो, हिने मला घराबाहेर पडताना बघितलं आणि तोंड उघडलं नाही. तिच्या आजारपणात तू तीनदा कळवलंस, मी आलो नाही. तिने स्वतः मला दोन पत्रं लिहिली. दोन्हींत एकच मागणं होतं, माझं काय चुकलं ते तरी लिही. मला वाटलं, नाटक करतेय. मी उत्तर दिलं नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, बारके. काय चुकलं ते न कळताच ती गेली.

तू जन्मभर विसरणार नाहीस असं लिहिलं आहेस. मीही विसरणार नाही. तू अकरा वर्षांची होतीस, ते मला मान्य आहे. पण आई गेली तेव्हा तू छत्तीस वर्षांची होतीस. मी दारापाशी उभा होतो आणि तू मला पाणी आणून दिलंस. तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तर मी आत जाऊन निदान तिच्या पायाशी बसलो असतो.

मला आता लिहू नकोस.

दादा

६ जून

दादा,

लिहू नकोस म्हणालास. दीड महिना नाही लिहिलं. आज लिहिते, कारण एक विचारायचं आहे. माफी मागायला लिहीत नाहीये, ती मागायची माझी लायकी नाही आणि तुझ्यापाशी द्यायला ती असेल असंही वाटत नाही. आईचं तू जे लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. तिची पत्रं टपालात मीच टाकत होते. रोज दारावरच्या पेटीत हात घालून बघायची. मी म्हणायचे, दादा कामात असेल.

बाबांना मी सगळं सांगितलं. ती राखाडी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, चार वाजले का?

आता विचारायचं ते. मागच्या गुरुवारी मी दुहेरी पाळी करून घरी आले आणि बाबांची टोपी खुंटीला लावायला घेतली. आत रुमालात चार रबरं होती. काळी, लावलेली, चारही सरळ. मी डोळ्यासमोर धरून नाकाकडून शेपटीकडे बघितली. माझी नखाची खूण अजूनही जरा पुढेच जाते. बाबांना गळ सरळ काढता येत नाही. या चारही रबरांवर खूण जागच्या जागी होती आणि टोक खुणेतूनच बाहेर आलं होतं.

काकूंना विचारलं. म्हणाल्या, एक चष्मेवाले गृहस्थ होते, केस पिकलेले, बाबांच्या शेजारी तासभर बसून गेले. नाव विचारलं नाही, मासेमारीवालेच असतील असं वाटलं.

तू होतास का? एवढंच सांग. रागव, पण सांग.

बारकी

१२ जून

बारके,

मीच होतो. गुरुवार मुद्दाम निवडला, तू नसतेस म्हणून.

काकू बाकावर विणत बसल्या होत्या. बाबा धक्क्याच्या कडेला, बोटींचे दोर बांधतात त्या लोखंडी खुंट्यावर बसले होते. इतके लहान झालेत हे तू मला कळवलं नव्हतंस. कॉलरमध्ये मान मावून वर चार बोटं जागा उरते. गाडीत बसून मी सगळी तयारी केली होती. ते माझ्याकडे बघतील आणि तोंड फिरवतील, मग मी काय बोलायचं, ते मला पाठ होतं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "या, बसा. आज पाणी गढूळ आहे." मला ओळखलं नाही. याची तयारी मी केली नव्हती.

मी बसलो. त्यांच्या हातात काळं रबर होतं, गळ कुशीतून बाहेर आलेला. मी म्हटलं, द्या, मी बघतो. जुनं काढलं, नवीन घेतलं, गळ अंगावर धरला आणि नखाने खूण केली. तशी त्यांनी मान वर केली.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"वडिलांनी."

"कुठे असतात?"

"इथेच असतात."

"त्यांना सांगा, चांगलं शिकवलंय. हल्ली कुणी माप घेत नाही."

मी सांगतो म्हटलं. त्यांनी रबर डोळ्यासमोर धरून बघितलं, मग खांबाच्या सावलीत बरोबर टाकलं. टाकणं अजून तसंच आहे, मनगटातून, आवाज न करता. बराच वेळ आम्ही दोघं दोराकडे बघत होतो. लहानपणी बसायचो तसेच, फक्त तेव्हा मध्ये डबा असायचा. एक टोच आली. ते थांबले, मीही थांबलो. मासा गेला.

मग ते म्हणाले, "आमचा थोरला आहे एक. एकोणीस वर्षांचा. त्याला जरा शिकवाल का? माझ्यापाशी बसत नाही तो आता."

मी विचारलं, का बसत नाही.

"मी त्याला एकदा फार लागेल असं बोललो." आठवायला थांबले. बोटं रिळावर ठेवून बसले होते, आणि मला वाटलं, आता बोलतील. "काय बोललो तेच आठवत नाही," म्हणाले.

मला आठवत होतं. एकतीस वर्षं ते वाक्य मी रोज उठून अंगात घातलंय, आणि ज्यांनी दिलं त्यांच्यापाशी ते आता नाही. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा ऐकावं लागलं असतं, निदान माझ्याच तोंडून.

"शिकवाल ना?" त्यांनी परत विचारलं. शिकवतो म्हटलं. चार रबरं लावून रुमालात गुंडाळली आणि टोपीत ठेवायला दिली. परतताना गाडीत मी आईची दोन्ही पत्रं वाचली. बरोबर नेली होती. तिला लिहायचं उत्तर आता माझ्याकडे आहे आणि पाठवायला पत्ता नाही. हे तुला बोचावं म्हणूनच लिहितोय. तुझ्यावरचा राग गेलेला नाही आणि जाईल असं आज तरी वाटत नाही.

पण मी या गुरुवारी पुन्हा येतोय. त्याच्या पुढच्या गुरुवारीही येईन. तुला पाळी बदलून मिळत असेल तर बदलून घे, नसेल तर राहू दे. आलीस तर हाताला क्रीम लावून येऊ नकोस. दोन पाकिटं काळ्या रबरांची आणून ठेव, पाणी अजून काही दिवस गढूळच राहणार.

बाबांना मी आठवणार नाही. पुन्हा बसा म्हणतील, पुन्हा विचारतील, कुणी शिकवलं. एखाद्या वेळी थोरल्याचंही विचारतील, शिकला का म्हणून. मी सांगेन, शिकला. हातात दिलेलं जपतो आता.

दादा